दोन बोटांची नजर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अप्पासाहेब जगदाळे, यांच्यावर लाच घेतल्याचा आरोप आला तेव्हा बक्षीगल्लीतले लोक आधी हसले. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो राग अजून गेलेला नाही. कोणावर करायचा एवढंच अधूनमधून बदलत राहतं.

भाऊजी तोलमाप निरीक्षक होते. होळकरांच्या राज्यात नोकरीला लागले, आणि राज्य मध्यभारतात विलीन झालं तेव्हा टेबल, खुर्ची आणि शिक्क्यांच्या पेटीसकट तेही नव्या सरकारात गेले. काम तेच राहिलं. मल्हारगंज, सियागंज, सराफा पायी फिरायचं, दुकानदारांचे शेर, अच्छेर, पावशेर तपासायचे, खरे असतील त्यांवर छाप मारायची आणि खोटे असतील ते जप्त करायचे. घरात या माणसाच्या सचोटीचा जाच होता. ताईने भाजीवालीकडून चार काड्या जास्तीची कोथिंबीर मागून आणली तरी यांचा चेहरा पडायचा. "ती मला ओळखते म्हणून देते. नको," म्हणायचे. मग आम्ही बिनकोथिंबिरीची आमटी खायचो, आणि हे समाधानाने दोनदा वाढून घ्यायचे.

मला नवरा गेल्यावर माहेरचं कोणी विचारलं नाही. भानुताईने आणून ठेवलं, आणि भाऊजींनी एका शब्दाने कधी जाणवू दिलं नाही की ही आपल्या ताटातली वाटेकरी आहे. त्या दोघांना मूल नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, त्यांचा पगार आणि पुढेमागे मिळणारं पेन्शन, एवढ्यावर आम्ही तिघं उभे होतो. दुसरा आधार नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

आता नजरेचं सांगायला हवं. जुन्या राज्यात दसऱ्याला अधिकाऱ्यापुढे नजर करायची रीत होती. माणूस दोन्ही तळहातांवर रुमाल पसरायचा, त्यावर चांदीचा रुपया ठेवायचा आणि वाकून पुढे करायचा. काही अधिकारी तो रुपया उचलून सरळ खिशात टाकायचे. जे तसे नव्हते ते दोन बोटांनी रुपयाला नुसता स्पर्श करायचे, बोटं कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "माफ." रुपया ज्याचा त्याच्याकडे परत जायचा. मान पोचला, पैसा घेतला नाही. भाऊजींचे वडील सरकारवाड्यात कारकून होते. त्यांनी मुलाला हे लहानपणीच शिकवलं होतं, आणि एक गोष्ट फार ठासून शिकवली होती की स्पर्श करताना अंगठा मिटलेला हवा. अंगठा आला की पकड आली, आणि पकड आली की घेतल्यासारखं झालं. भाऊजी हे इतक्या कौतुकाने सांगायचे की ताई स्वयंपाकघरातून अंगठा मिटून मला वेडावून दाखवायची.

आणि हात लावलाच नाही तर? तर तो अपमान. तुझा मुजरासुद्धा मला नको, तुझं माझं वैर आहे, असा त्याचा अर्थ. तसं कोणी करत नसे.

नव्या सरकारने एके वर्षी सरकारी नोकरांच्या वर्तणुकीचे नियम काढले. ग्वाल्हेरहून छापील कागद आला, सगळ्यांनी वाचल्याची सही करायची होती. बाकीच्यांनी न वाचता केली. भाऊजींनी कागद घरी आणला आणि जेवताना आम्हाला अर्थ सांगत बसले. ज्याच्याशी कामाचा संबंध येतो त्याच्याकडून कुठलीही भेट स्वीकारायची नाही, स्वतः नाही, घरच्यांमार्फत नाही, सणावारी नाही. स्वीकारली तर नोकरी जाईल, पेन्शनही जाईल. ताई म्हणाली, "बाई गं, कडकच आहे." भाऊजी मात्र खूश होते. "कडक कसलं? आमच्या वडिलांनी हेच पाळलं. सरकार आता शिकतंय," म्हणाले. नजरेला हात लावणं या नियमात बसतं की नाही, हे विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या लेखी नजर माफ करणं म्हणजे न घेणंच होतं, आणि न घेण्याची याहून चांगली रीत जगात नव्हती.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी त्यांनी मल्हारगंजातल्या भेरूलाल सेठच्या धान्याच्या दुकानावर धाड घातली. शेराच्या बुडातलं शिसं कोरून काढून वर मेण भरलेलं सापडलं. वजन जप्त झालं, खटला उभा राहिला. भेरूलाल काही फार वाईट माणूस नव्हता, बाजारात तसे बरेच होते. तो सापडला एवढंच.

दसऱ्याच्या दुपारी आमच्या ओट्यावर नेहमीसारखे पाचसहा व्यापारी सोनं द्यायला आले होते. कचेरीतला चपराशी बंडू पानसुपारीचं तबक फिरवत होता. ताई आणि मी पडद्याआड होतो. तेवढ्यात भेरूलाल आला. बंडूचं तबक मध्येच थांबलं. त्याने धोतर सावरलं, रुमाल पसरला, रुपया ठेवला आणि भाऊजींपुढे वाकला.

भाऊजींनी अंगठा मिटला, दोन बोटं रुपयाला लावली, कपाळाला लावली. "माफ, सेठजी," म्हणाले. भेरूलालच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोघांची चूक तिथेच झाली. भेरूलालला वाटलं, नजर माफ म्हणजे खटलाही माफ, जुन्या राज्यात तसंच व्हायचं. भाऊजींना वाटलं, मनात वैर नाही एवढं याला कळलं, आता खटला आपल्या वाटेने जाईल. तो गेलाच. दिवाळीनंतर भेरूलालला दंड झाला, बाजारात छीथू झाली, आणि त्याने तिरीमिरीत वरपर्यंत अर्ज केला की निरीक्षकाने दसऱ्याला माझ्या नजरेला हात लावला आणि नंतर मलाच बुडवलं.

रुपया घेतला असं त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. हात लावला, एवढंच लिहिलं होतं. एका अक्षराचं खोटं त्यात नव्हतं.

भाऊजींना कामावरून दूर केलं. शिक्क्यांची पेटी बंडू येऊन घेऊन गेला, आणि जाताना रडला. चौकशीला श्रीकृष्ण मोघे म्हणून तरुण अधिकारी आले. ते पलासियातल्या सरकारी बंगल्यात राहायचे. भाऊजी पहिल्यांदा त्यांना भेटायला गेले ते कोट इस्त्री करून, अगदी लग्नाला निघाल्यासारखे. त्यांना वाटत होतं, एकदा रीत नीट समजावून दिली की हा मुलगा हसेल आणि चहा मागवेल.

ते परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. कोट न काढता पाटावर बसले.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"मी दोन बोटं दाखवली. अंगठा दाखवला. सगळं सांगितलं." भाऊजी भिंतीकडे बघत बोलत होते. "ते म्हणाले, म्हणजे त्याने भेट पुढे केली, तुम्ही स्वीकारल्याची खूण केली, आणि मग ती परत दिली? मी हो म्हटलं. तर म्हणतात, परत दिल्याचं नियमात काही नाही, अप्पासाहेब. स्वीकारल्याचं आहे."

"मग आता?"

"जबानी व्हायची आहे. मी हात लावला असं म्हटलं तर त्यांना लिहावंच लागेल. भला मुलगा आहे गं. त्याला माझी कीव आली होती." एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात घेतले. भाऊजींना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं आता हे घर संपलं.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायचं विसरायला लागल्या. घरमालक रोज ओट्यावर येऊन खाकरून जायचा. भाऊजी ओळखीच्या प्रत्येक जुन्या अंमलदाराकडे गेले. एकाने सांगितलं, आता आमचं कोण ऐकतं. दुसऱ्याने घरी असून नाही म्हणून कळवलं. तिसऱ्याकडे गेले तर त्याने आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग दार उघडलं. ज्यांनी आयुष्यभर अंगठ्यासकट रुपये उचलले होते ते सगळे आपापल्या घरी पेन्शन खात बसले होते. हे मी भाऊजींना तोंडावर बोललेही. ते म्हणाले, "त्यांचं त्यांच्यापाशी." मला तेव्हा त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

शेवटी ताई उठली. माझी ताई आयुष्यात बिनकामाची उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, ती एकटी बंडूच्या खोलीवर गेली. दसऱ्याला भेरूलालच्या सगळ्यांत जवळ बंडूच उभा होता. बाकीच्या व्यापाऱ्यांनी तर आम्ही काही बघितलंच नाही म्हणून कधीच हात झटकले होते. बंडूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाईसाहेब, मी बोलून देईन ना, साहेबांनी हात लावलाच नाही म्हणून. फिकर नका करू. पण साहेबांनी पण तेच बोलायला पाहिजे, नाही तर मी पण फसेन."

त्या रात्रीचं जेवण मला आठवतं. कोणी जेवलं नाही. ताईने बंडूचं सांगितलं आणि भाऊजींनी हातातला घास खाली ठेवला.

"भानू, मी लावला होता."

"मला ठाऊक आहे. मी पडद्यामागे उभी होते."

"मग मी कसं म्हणू?"

"तोंडाने म्हणा." ताईचा आवाज चिरका झाला होता. "मी चार घरची धुणीभांडी करीन, त्याचं काही नाही. पण शांताला कुठे पाठवता? तिला कोण आहे? बोला ना! उद्या तिने कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं?"

मला पुढे केलं. मी तिथे बसले होते, माझ्यासमोर मला पुढे केलं. मी म्हटलं, "ताई, माझं नाव नको घेऊस," पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. माझ्यावर नाराज होऊन पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते माझी काळजी करत होते.

जबानीच्या दिवशी काय झालं ते मला बंडूने सांगितलं, भाऊजींनी कधीच नाही. आधी भेरूलाल बोलला, "हुजूर ने हाथ लगाया था, माथे से लगाया था, गंगाजी की सौगंध." मग बंडू बोलला, "नाही लावला." मग मोघ्यांनी भाऊजींकडे वळून अगदी मऊपणे विचारलं, "अप्पासाहेब, तुमचा चपराशी म्हणतो तसंच झालं ना?" भाऊजी बंडूकडे बघत राहिले. मोघ्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "हो. मी हात लावला नाही." बंडू म्हणाला, हे बोलताना साहेबांचा हात मांडीवर होता आणि अंगठा मिटलेला होता.

भेरूलाल एकदाच ओरडला, "हुजूर!" मग त्याला बाहेर काढलं.

भाऊजी सुटले. कामावर परत घेतलं, आणि उन्हाळ्यात ते रीतसर निवृत्त झाले. पेन्शन सुरू झालं. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या, घरमालकाचा खोकला बरा झाला. बंडू मात्र नोकरी सोडून सिमरोलला आपल्या शेतावर निघून गेला. जाताना माझ्याशी बोलला, साहेबांना भेटला नाही.

आणि भेरूलालवर उलटलं. सरकारी अधिकाऱ्यावर खोटा आळ घेतला म्हणून त्याचा धान्याचा परवाना काढून घेतला. दुकान बंद झालं. गंमत बघा, खोट्या शेराला बाजार विसरला असता, दंड भरून तो पुन्हा गादीवर बसला असता. पण गंगेची शपथ घेऊन खोटं बोलला म्हटल्यावर त्याच्या नात्यातल्या लोकांनी त्याच्याकडे पाणी पिणं सोडलं. जन्मभर खोटं तोलणारा माणूस एकदा खरं बोलला आणि त्याच्यापायी बुडाला. पुढे तो मल्हारगंजाच्या तोंडाशी पोतं टाकून मीठ विकायला बसला.

भाऊजींची देवळाची वाट तिकडूनच होती. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला पाहिलं आणि तसेच घरी आले. मग त्यांनी वाट बदलली. मग देऊळच सोडलं. जेवण कमी झालं. पेन्शन घेऊन आले की पैसे भिंतीतल्या देवळीत ठेवून द्यायचे, ताईच्या हातात द्यायचे नाहीत. एकदा न सांगता पलासियाला जाऊन आले. मोघ्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो, असं आपणहून म्हणाले. ताईने त्यांचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "पुन्हा गेलात तर माझं मेलेलं तोंड पाहाल." ते म्हणाले, "नाही जात." आणि गेले नाहीत. नुसते ओट्यावर बसून दोन बोटं धोतराला पुसत राहायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊजी, कातडं जाईल." तर म्हणाले, "हो का," आणि पुन्हा पुसायला लागले. मला त्यांची दया यायची आणि त्याच दमात संतापही यायचा, कारण ते झिजत होते ते माझ्यासाठी, आणि मी ते मागितलं नव्हतं.

पुन्हा दसरा आला. निवृत्त माणसाकडे कोण येणार, म्हणून ताईने तबकसुद्धा काढलं नव्हतं. गल्लीतले दोघंतिघं आपट्याची पानं देऊन गेले. भाऊजी ओट्यावर बसले होते, आम्ही दोघी दारात. आता पडद्याआड जायचं कारण राहिलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाकडून भेरूलाल आला. तो एकटा नव्हता. त्याच्याबरोबर बाजारातले दोन म्हातारे व्यापारी होते, ज्यांच्या शब्दाला कचेरीत वजन होतं. ताईने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

भेरूलाल वाळला होता. ओट्यापुढे उभा राहून त्याने रुमाल पसरला, त्यावर रुपया ठेवला आणि वाकला.

"हुजूर," तो म्हणाला, "मी भांडायला नी आया. बस, उस दिन जो करा था, वोई करो. ये दोनों भिया देख लेंगे."

आजूबाजूच्या ओट्यांवरचे लोक उठून उभे राहिले. भाऊजींना सगळं कळत होतं. हात लावला की मागची जबानी खोटी, पेन्शन गेलं, घर गेलं. नाही लावला की निवृत्त माणसाला कोण काय करणार होतं? नुसतं आत यायचं होतं. नुसतं मान हलवून "घरी जा सेठजी" म्हणायचं होतं.

"अहो," ताई म्हणाली. "अहो, आत या. तुमच्या पाया पडते, आत या."

त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी काय करायला हवं होतं? मान हलवली असती तर कदाचित ते उठले असते. मी नुसती उभी राहिले.

भाऊजी उठले. अंगठा मिटला. दोन बोटं रुपयाला लावली, आणि लावून बराच वेळ तशीच ठेवली. मग कपाळाला लावली.

"माफ, सेठजी," ते म्हणाले. मग तोंड वळवून पुन्हा म्हणाले, "तुम्ही मला करा."

भेरूलालने रुपया रुमालात गुंडाळला. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघेही आले त्या वाटेने निघून गेले. ताई उंबऱ्यात बसली होती, तिला उठवेना.

"भाऊजी, हे काय केलंत?" मी ओरडले. गल्ली ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. "आमचं काय? आता आमचं काय?"

"हात लावला, शांता," ते म्हणाले. "लावलाच होता."

आणि ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पेन्शन थांबलं. भेरूलालला परवाना परत मिळाला. आम्ही दोन खोल्यांतून छत्रीबागेच्या मागच्या एका खोलीत आलो. ताई आणि मी लोकांचे पापड लाटायला जायला लागलो. भाऊजींना त्या खोलीत गाढ झोप लागायची, अगदी घोरायचे, आणि आम्ही दोघी दुखणारे हात चोळत जाग्या असायचो. लोक मला आजही सांगतात की तुझे भाऊजी देवमाणूस होते. असतील. ज्यांनी सांगायचं त्यांनी ताईचे हात पाहिले नव्हते.

जेवण झालं की ताई त्यांच्या हातावर तांब्याने पाणी घालायची, ती रीत तिने शेवटपर्यंत मोडली नाही. पण पाणी घालताना ती तोंड भिंतीकडे करायची.